हिंगाचा डबा आणि आठचा टॅब

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दर वर्षी मंडळात एखाद्या तरी नव्या काकू भेटतात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या असतात, सगळ्यांची मनापासून चौकशी करतात, आणि तिळगूळ हातावर ठेवता ठेवता मला विचारतात, "तू ऑफिसात नक्की काय करतेस गं?" मी म्हणते, "प्रोग्रॅम लिहिते." त्यावर पलीकडून आमचे अहो, कुणी विचारलेलं नसताना, म्हणतात, "लिहीत काही नाही हो. दिवसभर शोधत असते."

खोटं बोलत नाहीत ते. मी ज्या प्रोजेक्टवर काम करते त्यात पंचवीस लाखांच्या वर ओळी आहेत. त्यातल्या मी लिहिलेल्या किती असतील? वर्षाकाठी काही हजार. बाकी सगळा वेळ दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात, कुठलं फंक्शन कुठून बोलावलं जातं ते हुडकण्यात जातो. आपलं अर्धं मंडळ सॉफ्टवेअरमधलंच आहे, त्यांना हे सांगायला नको. बाकीच्या अर्ध्या मंडळासाठी सांगते, की प्रोग्रॅम ज्यात लिहितात आणि वाचतात त्या साधनाला एडिटर म्हणतात, आणि हा एडिटर मोठ्या प्रोजेक्टसाठी नीट लावून घेणं हे एक वेगळंच काम असतं. त्याचे ना कुणी पैसे देत, ना कॉलेजात ते शिकवत. त्या कामापायी माझी नोकरी जाता जाता राहिली, म्हणून हा लेख.

मी १९९९ साली सांगलीहून पुण्याला नोकरीला आले. टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर, सी भाषा आणि युनिक्सची काळी खिडकी. एडिटर एकच, व्हीआय. बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने तो १९७६ च्या सुमारास बर्कलेला लिहिला. त्याच्याकडच्या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या, एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजही व्हीआयमध्ये खाली जायचं तर जे दाबायचं आणि वर जायचं तर के. ते टर्मिनल कधीच अडगळीत गेलं, पण त्याच्या कळा माझ्या बोटांत राहिल्या.

पाच वर्षांनी लग्न झालं. व्हिसा येईपर्यंत चार महिने साताऱ्याला सासरी राहिले आणि मग एच-४ वर इथे नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला आले. एच-४ म्हणजे काय हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगायला नको. राहा, शिका, गाडी चालवा, मंडळाच्या गणपतीची आरास करा, पण कमवू नका. २००६ साली लेक झाली. मराठी शाळेत शिकवलं, दोन कोर्स केले, लायब्ररीतली पुस्तकं वाचली. अकरा वर्षं गेली. मग २६ मे २०१५ पासून एच-४ वरच्या काही जणांना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचलेला आहे अशांना, काम करायची परवानगी मागता येऊ लागली. ती तारीख मला लेकीच्या वाढदिवसाइतकी पाठ आहे. कार्ड हातात आलं ऑक्टोबरात. आणि दहा-बारा ठिकाणी "अकरा वर्षं काय करत होतात?" या प्रश्नाला हसतमुखाने उत्तर देऊन झाल्यावर, जानेवारी २०१६ मध्ये मला सहा महिन्यांचं कंत्राट मिळालं. नेटवर्कची यंत्रं बनवणारी कंपनी. सहा महिन्यांनी पुढे ठेवायचं की नाही ते ते ठरवणार. अडतिसाव्या वर्षी फ्रेशर! मला एवढंच कळत होतं, की हे कंत्राट पुढे गेलं नाही तर "अकरा वर्षं" या प्रश्नाला दुसऱ्यांदा तोंड द्यायचं बळ माझ्यात उरणार नाही.

पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळाला, आणि शेजारच्या क्युबिकलमधल्या चोवीस वर्षांच्या मुलाने कानातलं एक टोक काढून सांगितलं, "काही नाही, प्रोजेक्ट एडिटरमध्ये उघडा, बाकी तोच करतो." उघडला. कंपनीने दिलेला एडिटर मोठा सर्वगुणसंपन्न होता. सगळ्या फाइली वाचून तो त्यांची सूची बनवणार, मग कुठल्याही नावावर क्लिक केलं की आपण त्याच्या व्याख्येपाशी. झकास. तो सूची बनवायला बसला. दुपारी बसलेलाच होता. दुसऱ्या दिवशी पंख्याचा आवाज लॅपटॉप कण्हत असल्यासारखा येऊ लागला. तिसऱ्या दिवशी पडद्यावर एकसष्ट टक्के लिहिलेलं होतं आणि माउस हलत नव्हता. शेजारच्या मुलाचं मात्र सगळं सुरळीत चाललेलं. माझ्यात आणि त्याच्यात काय फरक आहे याची जी काही उत्तरं मनात आली, ती सगळी माझ्या वयाबद्दलची होती. त्याच्या मशीनला माझ्या चौपट मेमरी आहे, आणि त्याने प्रोजेक्टमधले सगळे अनावश्यक फोल्डर सूचीतून वगळलेत, हे मला पुढे महिन्याभराने कळलं. विचारलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण विचारायचं धाडस होत नाही, हीच तर गंमत आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो एडिटर बंद केला आणि काळी खिडकी उघडली. व्हीआय टाइप केलं. आता त्याच्या जागी विम असतो, व्हीआयचा सुधारलेला वारसदार, नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये बाहेर आणलेला. तो उघडला की सुरुवातीला एक छोटा मजकूर येतो, त्यात युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी एक ओळ असते. विम फुकट आहे, आवडला तर त्या मुलांसाठी काहीतरी द्या, एवढंच मोलेनार यांचं मागणं. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले.) पुण्यात ही ओळ मी रोज बघत असे. इतक्या वर्षांनी ती तशीच्या तशी समोर आली आणि माझी बोटं आपोआप जे आणि के वर गेली. एखादी सायकल वर्षानुवर्षांनी हातात यावी आणि पाय पेडलवर पडावेत तसं झालं. त्या दिवशी पहिल्यांदा मी ऑफिसात हसले.

पण पुण्याचा प्रोजेक्ट लहान होता. इथे एका नावाचा शोध घेतला की सातशे ठिकाणं यायची. मोठ्या प्रोजेक्टमध्ये नव्याने शिरणं हे एकत्र कुटुंबात नव्या सुनेने शिरण्यासारखं आहे. घर भरलेलं आहे, सगळं व्यवस्थित चाललेलं आहे, आणि कुठली गोष्ट कुठे असते हे तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे.

साताऱ्याच्या त्या चार महिन्यांतली एक आठवण सांगते. आमच्या सासरी हिंगाचा डबा मिसळणाच्या डब्याजवळ नसायचा. तो असायचा मागच्या पडवीत, खिडकीच्या फळीवर. फोडणीच्या वेळी तेल तापलेलं आणि हिंगासाठी पडवीत पळायचं. मला हे अगदीच अव्यवहारी वाटलं. एके दुपारी सासूबाई भिशीला गेल्या होत्या, तेव्हा मी शेल्फ पुसून, कागद घालून, सगळे डबे उंचीप्रमाणे लावले आणि हिंग आणून पहिल्या फळीवर ठेवला. चहापत्तीच्या शेजारी. संध्याकाळी सगळ्यांना चहा दिला. सासऱ्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आज चहाला फोडणी दिलीस का?"

कुणी रागावलं नाही. पण डबा पडवीत का असतो, हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ज्यांना कारण माहीत होतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, आणि ज्या मला माहीत नव्हतं तिला ते विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

आता ऑफिसात येते. पुण्याची एक जुनी मैत्रीण तोवर मोठी आर्किटेक्ट झाली होती. तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, रडतेस काय, माझी सेटिंग्जची फाइल पाठवते." पाठवली, तीनशे ओळींची. मी ती न वाचता घातली. काय सुरेख दिसायला लागलं सगळं! रंग आले, ओळींचे आकडे आले. शिवाय तिच्याच सल्ल्याने सीटॅग्ज आणि सीस्कोप बसवले. सीटॅग्ज सगळ्या प्रोजेक्टची शब्दसूची करतो आणि एका कळीसरशी व्याख्येपाशी नेतो. सीस्कोप जुन्या बेल लॅब्जमधलं साधन. हे फंक्शन कोण कोण वापरतं, असा उलटा प्रश्न त्याला विचारता येतो. दोन्ही मिळून माझ्या त्या कण्हणाऱ्या लॅपटॉपवर काही मिनिटांत सूची तयार. आता मी पळू शकत होते.

पाचव्या आठवड्यात मला पहिलं खरं काम मिळालं. एक चूक शोधली, तीन ओळी बदलल्या, तपासून घेतलं, आणि बदल परीक्षणाला पाठवला. आमच्याकडे कुठलाही बदल दुसऱ्या दोघांनी वाचल्याशिवाय आत जात नाही. माझा बदल ज्यांच्याकडे गेला ते गृहस्थ त्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवसापासूनचे, फार कमी बोलणारे, सगळे त्यांना वचकून असत. तासाभराने त्यांचा एका ओळीचा शेरा आला. मराठीत सांगायचं तर, "यातल्या तुमच्या तीन ओळी कोणत्या?"

मी बदल उघडून पाहिला. चार हजार ओळी लाल, चार हजार ओळी हिरव्या.

मैत्रिणीच्या त्या तीनशे ओळींत कुठेतरी मधेच लिहिलेलं होतं, की फाइल सेव्ह करताना सगळे टॅब काढून त्या जागी चार-चार स्पेस घाल, आणि ओळींच्या शेवटी रिकाम्या जागा असतील तर पुसून टाक. तिच्या प्रोजेक्टचा तो नियम होता, योग्यच होता. माझ्या एडिटरने आज्ञाधारकपणे सगळी फाइल झाडून, पुसून, कागद घालून, डबे उंचीप्रमाणे लावले होते.

ज्यांना यात काय बिघडलं असं वाटतंय त्यांच्यासाठी थोडं थांबते. दिसायला काहीच बदललं नव्हतं, प्रोग्रॅम तसाच चालला असता. पण कोडच्या प्रत्येक ओळीमागे गिट एक नोंद ठेवतं. ही ओळ कुणी, केव्हा, कशासाठी लिहिली याची. दहा वर्षांनी काही बिघडलं तर माणसं त्या नोंदीवरून कारण शोधत मागे मागे जातात. माझा बदल आत गेला असता तर त्या फाइलीच्या चार हजार ओळींपुढे माझं नाव लागलं असतं, दिनांक फेब्रुवारी २०१६, आणि कारण तीन ओळींच्या चुकीचं. खरी कारणं एक पायरी मागे ढकलली गेली असती. नुसत्या रिकाम्या जागांचे बदल दुर्लक्षून इतिहास बघायची सोय गिटमध्ये आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टपासून असे सफाईचे बदल नावानिशी वगळायचीही आहे, पण ती उपाययोजना झाली. पडवीतला डबा का पडवीत होता ते सांगणारी माणसंच आपण उठवून लावायची, आणि मग दुसऱ्या दाराने शोधायला जायचं, यात अर्थ नाही.

मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. वीस मिनिटं रडले असेन. घरी फोन केला नाही. कानात एकच वाक्य घुमत होतं, आज चहाला फोडणी दिलीस का. आणि ते आठवून रडता रडताच हसू आलं, हेही खरं.

परत आत गेले. फाइल पूर्ववत केली, मैत्रिणीची सेटिंग्ज सगळी काढून टाकली, तीन ओळी पुन्हा हाताने लिहिल्या, आणि पाठवण्यापूर्वी फरक डोळ्यांनी पाहिला. तीन लाल, तीन हिरव्या. ती सवय आजतागायत सुटलेली नाही. शेऱ्याला उत्तर लिहिलं, की चूक माझ्या एडिटरच्या सेटिंगची होती, आता फक्त तीन ओळी आहेत. पंधरा मिनिटांत मंजुरी आली. शेरा काही नाही.

त्या संध्याकाळी घरी मुलीला झोपवल्यावर मी एक कोरी फाइल उघडली आणि माझी सेटिंग्ज पहिल्यापासून लिहायला घेतली. एक ओळ लिहायची, ती काय करते ते नीट समजून घ्यायचं, मग दुसरी. महिनाभर चाललं हे. चाळीस ओळी झाल्या. हे करताना मला त्या पंचवीस लाख ओळींकडे नीट बघावं लागलं, आणि तेव्हा लक्षात आलं की आपलं घर एक नाहीच, चार घरं आहेत. एका भागात प्रत्येक पायरीला टॅब आणि तो आठ रकान्यांचा. हा लिनक्स कर्नेलचा रिवाज. कर्नेलवाल्यांचं म्हणणं असं, की आठ रकान्यांच्या टॅबने तुमचा कोड पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन आपटत असेल तर दोष टॅबचा नाही, तुम्ही एकात एक फार गुंतवून ठेवलंय. दुसऱ्या भागात तीन स्पेस. तीन! हे कुठून आलं म्हणून विचारलं तर कळलं, की तो भाग पूर्वी दुसऱ्या एका लहान कंपनीचा होता, आमच्या कंपनीने ती विकत घेतली, आणि माणसांबरोबर त्यांच्या तीन स्पेसही आल्या. नव्या सी प्लस प्लसच्या भागात दोन स्पेस. आणि मेकफाइलींत टॅब, कारण तिथे टॅबच लागतो, स्पेस घातल्या तर चालतच नाही. त्याचीही गंमत आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं, तेव्हा टॅबची सक्ती अडचणीची आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं, पण तोवर डझनभर माणसं ते वापरू लागली होती आणि त्यांना त्रास नको म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. त्या डझनभरांच्या भिडेपायी आज सगळं जग टॅब दाबतंय.

एकाच एडिटरला या चारही घरांत त्या त्या घरच्या रीतीने वागायला कसं सांगायचं? याचं उत्तर आधीच तयार होतं, मला माहीत नव्हतं इतकंच. एडिटरकॉन्फिग नावाची एक पद्धत आहे. प्रोजेक्टच्या मुळाशी त्या नावाची एक छोटी फाइल ठेवायची आणि तिच्यात लिहायचं, की या फोल्डरमध्ये टॅब, त्यात तीन स्पेस, त्यात दोन. काही एडिटर ती आपणहून वाचतात, काहींना एक लहानशी पुरवणी बसवावी लागते. मग तुम्ही व्हीआयवाले असा, इमॅक्सवाले असा (मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, त्यातलाच हा वाद, मी त्यात पडत नाही, व्हीआयच चांगला), ज्या घरात शिराल त्या घरचा रिवाज आपोआप लागू. तुमचे रंग, तुमचा टाइप, तुमच्या कळा मात्र तुमच्याच. त्या फाइलीत त्यांचा उल्लेखही नसतो.

मी तशी फाइल लिहिली. नऊ दहा ओळींचीच. धीर करून परीक्षणाला पाठवली, त्याच गृहस्थांकडे. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्या टेबलापाशी आले, म्हणाले, "जुन्या फोल्डरसाठी एक ओळ आणखी घाला. ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा एडिटरने पुसू नयेत, अशी." आणि मग, जाता जाता, "हे दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं आम्ही." माझ्या माहितीप्रमाणे ते त्यांचं त्या तिमाहीतलं सर्वांत मोठं भाषण होतं.

जूनमध्ये कंत्राट वाढलं, आणि पुढच्या वर्षी मी कायम झाले.

पुढे साधनं खूप बदलली. २०१६ च्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्ट, आमच्या रॅलीची रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांनी मिळून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. नाव भारदस्त आहे, कल्पना साधी आहे. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. आता भाषा जाणणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो, आणि कुठलाही एडिटर त्याला ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारतो, हे नाव कुठलं, हे कोण वापरतं. सी आणि सी प्लस प्लससाठी माझा तो जाणकार म्हणजे क्लँगडी. सीटॅग्जला विचारलं की हे फंक्शन कुठे आहे, तर तो सहा जागा दाखवायचा, कारण आमची यंत्रं सहा प्रकारची आणि प्रत्येकासाठी त्याच नावाचं वेगळं फंक्शन. क्लँगडी एकच दाखवतो, या यंत्रासाठी खरोखर जे कामाला येतं ते.

पण त्यालाही आधी सांगावं लागतं. कंपाइल कमांड्स नावाची एक फाइल लागते, तिच्यात प्रत्येक फाइल नेमक्या कुठल्या आज्ञेने कंपाइल होते ते लिहिलेलं असतं. सीमेक वापरत असाल तर एक खूण केली की ती मिळते. आमच्यासारखा जुना मेकवाला कारभार असेल तर बेअर नावाचं साधन शेजारी बसवायचं. ते सगळं काम चालू असताना बघत राहतं आणि टिपून घेतं. लिनक्स कर्नेलमध्ये तर ती बनवायची सोय आतच आहे. नवे लोक हीच पायरी गाळतात आणि मग पडद्यावर लाल रेघांचा सडा पडला की एडिटरला नावं ठेवतात. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे एडिटर मंद झालाय. बहुतेक वेळा तो कंपाइल होऊन तयार झालेल्या हजारो फाइलींवर विनाकारण नजर ठेवत बसलेला असतो. ते फोल्डर शोधातून आणि नजरेतून वगळलं की निम्मा आजार बरा. आमच्याकडे कुणी नवीन आलं की पहिल्या दिवशी मी कानातलं टोक न काढता, कारण मी ते घालतच नाही, त्यांच्या शेजारी जाऊन बसते आणि ही दोन कामं करून देते. विचारण्याची वाट बघत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात सासूबाई आमच्याकडे आल्या, एकट्याच. सासरे आदल्या वर्षी गेले होते. एप्रिलात परतायचं तिकीट होतं, पण मार्चमध्ये सगळं बंद झालं, भारतात जाणारी विमानंही. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. कोड ऑफिसच्या सर्व्हरवर, मी कॅरीला, आणि एडिटरचं तोंड माझ्याकडे तर पोट सर्व्हरवर अशी व्हीएस कोडमधली सोय नुकतीच आलेली, तिच्यावर आमच्या टीमचं ते सगळं वर्ष निभावलं. हो, मी व्हीएस कोड वापरते. आतल्या कळा व्हीआयच्या लावून घेतल्या आहेत, तेव्हा मैत्रिणीला कळवू नका.

मी टेबलाशी आणि सासूबाई ओट्याशी, असे आम्ही दोघींनी ते महिने काढले. एके दिवशी लांबलेली मीटिंग संपवून उठले तर माझं सगळं स्वयंपाकघर बदललेलं. डाळी खाली, पिठं वर, चहा-साखर खिडकीपाशी. पोटात गोळाच आला. तेवढ्यात त्यांनी मला हात धरून एकेका फळीपुढे नेलं. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात नाव. आणि हिंगाच्या डब्यावर, जो कपडे धुण्याच्या मशीनवरच्या कपाटात गेला होता, नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "चहाजवळ ठेवू नये."

"अगं, तेव्हाच सांगायला हवं होतं तुला," त्या म्हणाल्या. "पण तू इतकं हौसेनं आवरलं होतंस, म्हटलं कशाला हिरमुसं करायचं."

म्हणजे सोळा वर्षं त्यांच्याही लक्षात होतं.

त्या २०२० च्या ऑगस्टमध्ये परत गेल्या, आणि दोन वर्षांनी गेल्याच. डबे मी त्यांनी लावले तसेच ठेवलेत. पिठं वर असणं मला अजून सोयीचं नाही.

लेक आता कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या अभ्यासासाठी लिनक्स कर्नेल उतरवून घ्यायचा, त्यात एक लहानसा बदल करायचा आणि तो चालवून दाखवायचा, असं काम तिला मिळालं होतं. कर्नेल म्हणजे आज तीन कोटींहून जास्त ओळी, माझा प्रोजेक्ट त्यापुढे एकखणी बिऱ्हाड. गेल्या थँक्सगिव्हिंगला ती लॅपटॉप घेऊनच घरी आली आणि त्याच जेवणाच्या टेबलाशी बसली. मी ओट्याशी चहा टाकत होते. थोड्या वेळाने आवाज आला, "आई, सगळीकडे लाल रेघा येतायत."

"कंपाइल कमांड्सची फाइल बनवलीस का?"

शांतता. मग कळांचा आवाज. मग "ओह."

चहा घेऊन मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. पांढराशुभ्र पडदा, डोळे दिपवणारा, आणि त्यावर फिकट गुलाबी अक्षरं. या रंगात माणूस काम कसं करू शकतं मला समजत नाही. ओठांवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं. तिने फाइल सेव्ह केली. मी जरा पुढे वाकून खालच्या पट्टीवर नजर टाकली. टॅब होता, आणि आठचा होता.